वर्डची स्क्रीन: आधी खालची पट्टी वाचा, रिबनचं मग बघू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बचत गटाचं सचिवपद यंदा तुमच्याकडे आलंय, मुंबईच्या भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप वेंगुर्ल्याला पाठवून दिलाय, त्यात वर्ड आहे, आणि मिटिंगचं इतिवृत्त, मालाची रेटलिस्ट, ग्रामपंचायतीला द्यायची पत्रं हे सगळं आता तुम्हीच टाईप करणार. मराठी टायपिंग जमतंय, पण अडलं की भाच्याला फोन, तो तिकडून म्हणतो "रिबनवर लेआऊट बघ", "स्टेटस बारवर काय आलंय ते सांग", आणि इकडे तुम्हाला तो नेमका कशाबद्दल बोलतोय तेच कळत नाही. मग स्क्रीनवर कुठल्या भागाला काय म्हणतात आणि त्यातलं खरंच लागणारं काय, एवढं सांगा म्हणालात.

सांगतो. कुडाळला माझा डीटीपीचा आणि कॉम्प्युटर क्लासचा धंदा आहे, तेव्हा या प्रश्नाची माणसं रोजच समोर असतात. आणि सुरुवातीलाच माझं एक मत सांगून टाकतो, पटलं तर बघा. बहुतेक क्लासमध्ये शिकवायला सुरुवात होते ती वरून, म्हणजे रिबनपासून, ती वरची बटणांची रुंद पट्टी, हे बोल्ड, हे इटॅलिक, हे अंडरलाईन, पोरं ते पाठ करतात, एमएससीआयटी पास होतात, आणि नंतर एक पानाचं पत्र प्रिंट करताना दुसरं कोरं पान का बाहेर पडलं हे विचारायला परत येतात. कारण काय, की स्क्रीनवर दोन तऱ्हेच्या वस्तू असतात, काही आपलं ऐकणाऱ्या आणि काही आपल्याला सांगणाऱ्या. बटणं ऐकतात. पण टायटल बार, रुलर आणि सगळ्यात खालचा स्टेटस बार हे सतत काहीतरी सांगत असतात आणि तिकडे कोणी बघतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या अडचणींतल्या निम्म्याअधिक तरी स्क्रीनवर लिहिलेलं नुसतं वाचलं असतं तर सुटल्या असत्या. म्हणून मी खालून वर शिकवतो.

त्याआधी एकच बघून ठेवा, तुमचं वर्ड साधारण कुठल्या काळातलं. डावीकडे वरच्या कोपऱ्यात 'फाईल' असं लिहिलेला टॅब (बटणांच्या वर ओळीने जी नावं असतात त्यांना टॅब म्हणतात) असेल तर २०१० किंवा त्यानंतरचं, तिथे रंगीत चिन्ह असलेलं गोल बटण असेल तर २००७ चं. २००३ पर्यंत वर फाईल, एडिट, व्ह्यू असे मेनू आणि त्याखाली छोट्या बटणांच्या पट्ट्या असायच्या, २००७ ला ते सगळं काढून रिबन आणली. आता २००३ वालं कोणाकडे राहिलेलं नसावं, पण सरकारी ऑफिसात काय सापडेल याची खात्री देत नाही. पुढे जे सांगतोय ते २०१० नंतरच्या सगळ्यांना जवळपास तसंच लागू.

तर खिडकीच्या अगदी तळाशी जी बारीक पट्टी, तो स्टेटस बार. विंडोजची पट्टी, जिच्यावर घड्याळ आणि स्टार्ट असतं, ती नव्हे, ती टास्कबार, तिचा वर्डशी संबंध नाही. तिच्या बरोबर वर जी वर्डची स्वतःची पट्टी आहे ती. डाव्या टोकाला 'पेज १ ऑफ २' असं काहीतरी असतं. पहिला आकडा तुम्ही कुठल्या पानावर आहात तो, दुसरा एकूण पानं. ग्रामपंचायतीला एका पानाचं पत्र लिहिलंय आणि इथे '१ ऑफ २' दिसतंय म्हणजे सहीच्या खाली कुठेतरी जास्तीचे एंटर मारलेले आहेत आणि प्रिंटरमधून कोरा कागद निघणार. प्रिंट मारायच्या आधी हा एक आकडा बघायची सवय लावा, कागद वाचतील. त्याच्या शेजारी शब्दसंख्या. काही मजकूर सिलेक्ट केला की तिथेच '३५ ऑफ ४१०' असं दिसतं, म्हणजे निवडलेले पस्तीस. पेपरला शब्दांवर पैसे लागणारी छोटी जाहिरात द्यायची असेल तर बोटावर मोजत बसायला नको.

त्याच्या पुढे भाषा लिहिलेली असते, इंग्लिश किंवा मराठी, आणि इथेच आपल्या मराठी माणसांची गंमत होते. अख्खं इतिवृत्त टाईप करून झालं आणि प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ, मग माणूस घाबरतो की सगळंच चुकलं काय. चुकलेलं काही नसतं, त्या मजकुराची भाषा वर्डने इंग्लिश धरलेली असते, एवढंच. सगळं सिलेक्ट करा, म्हणजे कंट्रोल ए, मग स्टेटस बारवरच्या त्या भाषेच्या नावावर क्लिक करा, यादीतून मराठी निवडा, आणि तरीही रेघा राहिल्या तर त्याच चौकटीत स्पेलिंग-ग्रामर तपासू नको अशी एक टिकमार्कची ओळ आहे ती लावा. आणि या लाल रेघा प्रिंटमध्ये कधीच येत नाहीत, हे एक लक्षात ठेवा, बरेच जण उगाच रडकुंडीला येतात. आता ही मजकुराची भाषा वेगळी आणि कीबोर्डची भाषा वेगळी. कीबोर्ड मराठीवर आहे की इंग्लिशवर ते खाली उजवीकडे घड्याळाजवळ, टास्कबारवर दिसतं, आणि विंडोजचं बटण दाबून स्पेसबार मारला की बदलतं. भाचा 'भाषा बदल' म्हणाला तर त्याला आधी विचारा, कुठली, वर्डची की कीबोर्डची.

उजव्या टोकाला तीन छोटी चित्रं आणि एक सरकपट्टी. चित्रं म्हणजे पान बघायच्या तऱ्हा: रीड मोड, प्रिंट लेआऊट, वेब लेआऊट. तुम्ही कायम मधल्यावर, प्रिंट लेआऊटवर असायला हवं. चुकून रीड मोडवर बोट गेलं की वरचं सगळं गायब होतं आणि नेहमीसारखं टाईपही करता येत नाही, मग "वरची पट्टी खंय गेली" म्हणून फोन येतो. एस्केप दाबायचं, येते परत. वेब लेआऊटला पानाच्या कडाच नाहीशा होतात आणि ओळी स्क्रीनभर पसरतात, तेव्हाही खालीच बघायचं, मधल्या चित्रावर क्लिक करायचं, संपलं.

सरकपट्टी म्हणजे झूम, शेजारी टक्के लिहिलेले. कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवलं तरी तेच होतं, आणि पुष्कळदा नकळत होतं. झूम दहा टक्क्यांपासून पाचशेपर्यंत जातो, पण तो फक्त डोळ्यांसाठी आहे, कागदावर त्याचा काडीचा परिणाम नाही. आमच्याकडे एक गुरुजी निवृत्तीनंतर वाडीच्या देवळाचा हिशेब टाईप करायला शिकले, चष्म्याचा नंबर मोठा, त्यामुळे १८० टक्क्यांवर काम करायचे, आणि प्रिंट निघाली की "अक्षर बारीक केलंस तू" म्हणून मलाच ओरडायचे. अक्षर किती मोठं छापून येणार ते वर होम टॅबमध्ये फॉन्टच्या नावाशेजारच्या आकड्यावर ठरतं, खालच्या टक्क्यांवर नाही. कागदावर कसं दिसेल याचा अंदाज घ्यायचा तर शंभरवर आणून बघा.

स्टेटस बारचं अजून एक काम कोणी सांगत नाही. त्याच्यावर राईट क्लिक करा, एक लांबलचक यादी उघडते, काय काय दाखवायचं ते तुम्ही ठरवू शकता. त्यातलं 'ओव्हरटाईप' चालू करून ठेवाच. मग पट्टीवर 'इन्सर्ट' असं दिसत राहील. ज्या दिवशी मधे एखादा शब्द घालायला गेलात आणि पुढची अक्षरं खाल्ली जायला लागली, त्या दिवशी तिथे 'ओव्हरटाईप' झालेलं दिसेल, त्याच्यावरच क्लिक करायचं की परत 'इन्सर्ट'. देवनागरीत हे खाणं तर फारच विचित्र दिसतं, काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, माणसाला वाटतं फॉन्टच बिघडला. कॅप्स लॉक पण त्याच यादीत आहे, तेही लावून घ्या.

आता मधलं पांढरं पान. इथे दोन वस्तू हलतात आणि त्या वेगळ्या आहेत हे पहिल्या दिवशी नीट समजून घ्या. एक लुकलुकणारी उभी रेघ, तो कर्सर, टाईप केलेलं तिथेच उमटणार. दुसरा माऊसचा पॉइंटर, तो नुसता फिरत असतो, क्लिक केल्याशिवाय कर्सर त्याच्यामागे येत नाही. उजव्या कडेच्या स्क्रोल बारने पान वरखाली केलं तरी कर्सर जागचा हलत नाही, नांगरलेल्या होडीसारखा तिथेच असतो, तुम्ही किनाऱ्यावर कुठेही नजर फिरवा. म्हणून चौथं पान बघत बघत टायपिंग सुरू केलं की स्क्रीन फाटकन पहिल्या पानावर उडी मारते, कारण कर्सर तिथे होता. शिफ्ट एफ५ दाबलं तर शेवटचं टाईप केलेल्या जागी नेऊन सोडतं, मोठ्या फाईलमध्ये फार कामाचं.

मजकुराच्या डावीकडे जी रिकामी पट्टी दिसते, मार्जिनची, तिथे पॉइंटर नेलात तर बाणाचं तोंड उजवीकडे वळतं. त्या जागी एक क्लिक केलं की समोरची ओळ सिलेक्ट, दोन केले की परिच्छेद, तीन केले की अख्खी फाईल. माऊस धरून ओढत नेताना हात थरथरतो त्यांना हे फार सोपं पडतं.

आणि दोन पानांच्या मधे जी करडी फट असते, तिच्यावर चुकून डबल क्लिक झालं की वरची खालची मार्जिन लपतात, पानं एकमेकांना चिकटतात, हेडर फूटर, म्हणजे दर पानाच्या माथ्याला नि तळाला येणारा मजकूर, दिसेनासे होतात. गटाचं नाव हेडरमध्ये घातलेलं, ते गेलं म्हणून दोनदा टाईप करणारेही बघितलेत. काही गेलेलं नसतं, ती जी एक रेघ उरते तिच्यावर परत डबल क्लिक करा.

आता रुलर, म्हणजे पानाच्या वर आणि डावीकडे असणारी मोजपट्टी. माझ्या मते वर्डच्या स्क्रीनवरचा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा भाग हाच. बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर ती दिसतच नाही, व्ह्यू टॅबमध्ये 'रुलर' समोर टिक करा की येते. इंचात दिसत असेल आणि तुम्हाला सेंटिमीटर बरे वाटत असतील तर फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे खाली डिस्प्लेमध्ये माप बदलता येतं. पट्टीचा करडा भाग म्हणजे मार्जिन, पांढरा म्हणजे मजकुराची रुंदी. पांढऱ्या भागाच्या डाव्या टोकाला दोन त्रिकोण आणि त्यांच्याखाली एक चौकोनी ठिपका. वरचा त्रिकोण परिच्छेदाची पहिली ओळ कुठून सुरू होणार ते सांगतो, खालचा बाकीच्या ओळींचं, आणि चौकोन धरून ओढला तर दोघे एकत्र सरकतात. अचानक एखादा परिच्छेद आत गेला, अरुंद झाला, तर रिबनमध्ये शोधत बसू नका, त्या परिच्छेदात क्लिक करा आणि रुलरकडे बघा, त्रिकोण सरकलेले असतील. ओढताना आल्ट दाबून ठेवलं की नेमकं माप दिसतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा: रुलर पूर्ण पानाचा नसतो, कर्सर ज्या परिच्छेदात आहे त्याचाच असतो. आणि वर्डच्या हिशेबात एंटर मारला की नवा परिच्छेद, मग ती एका ओळीची नोंद का असेना. हे माहीत नसल्यामुळे लोक एका ओळीवर सेटिंग करतात आणि बाकीच्या पंधरा ओळी का ऐकत नाहीत म्हणून वैतागतात.

तुमच्या रेटलिस्टवरच दाखवतो. समजा आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कुळथाचं पीठ असा माल आहे, डावीकडे नाव आणि उजवीकडे भाव. दहातले नऊ जण काय करतात, नाव टाईप करून स्पेसबार धरून ठेवतात भाव उजवीकडे पोचेपर्यंत. स्क्रीनवर साधारण सरळ दिसतं, पण प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, 'आगळ'ची वेगळी नि 'फणसपोळी'ची वेगळी, त्यामुळे भाव कधीच एका रेषेत येत नाहीत, आणि फॉन्ट बदलला की सगळी यादी दारू प्यायल्यासारखी डोलायला लागते. कोणी असं केलंय का ते बघायचं असेल तर होम टॅबमध्ये परिच्छेदाचं जे चिन्ह आहे, उलट्या 'पी'सारखं, ते दाबा, किंवा कंट्रोल शिफ्ट ८. स्पेसच्या जागी ठिपके दिसतात, टॅबच्या जागी बाण, एंटरच्या जागी तेच चिन्ह. ठिपक्यांची रांगोळी दिसली की समजायचं.

तर सगळे ठिपके पुसा, नाव आणि भाव यांच्यामधे कीबोर्डवरचा टॅब एकदाच दाबा, एकदाच हां, भाव जिथे पडेल तिथे पडू दे. सगळ्या ओळी अशा झाल्या की सगळ्या एकदम सिलेक्ट करा. आता आडवा आणि उभा रुलर जिथे मिळतात त्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आहे, त्यात 'एल'सारखी खूण असते. त्याच्यावर क्लिक करत राहिलं की खूण बदलत जाते, आरशात बघितल्यासारखा उलटा 'एल' आला की थांबा, तो उजवा टॅब, म्हणजे मजकूर उजव्या कडेने लावणारी खूण, रिबनवरच्या टॅबशी याचा संबंध नाही. मग आडव्या रुलरवर साधारण चौदा सेंटिमीटरच्या खुणेवर, पट्टीच्या खालच्या कडेला, एक क्लिक. सगळे भाव उजवीकडून एका रेषेत उभे. रुलरवर उमटलेल्या त्या खुणेवर डबल क्लिक केलं की एक चौकट उघडते, त्यात 'लीडर' म्हणून आहे, दुसरा पर्याय निवडा, नाव आणि भावाच्या मधे ठिपक्यांची ओळ येते, छापील मेनूकार्डात असते तशी. रुलरवरची ती खूणच नको झाली तर ती धरून रुलरच्या खाली ओढून सोडून द्यायची. हे एकदा जमलं की हॉटेलचं मेनूकार्ड, गणपतीतल्या भजनांच्या बाऱ्यांचा कार्यक्रम, वर्गणीची यादी, सगळं याच एका खुणेवर निघतं. टेबल घालूनही होतं, पण चार ओळींच्या यादीला टेबल कशाला.

आता वर चला. सगळ्यात वरची पट्टी टायटल बार. मधे फाईलचं नाव. 'डॉक्युमेंट१' असं दिसत असेल तर फाईल अजून एकदाही सेव्ह झालेली नाही, हे तुम्हाला कोणी ओरडून सांगणार नाही, पट्टी सांगतेय. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा काय भरवसा, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी तर बघायलाच नको, तेव्हा पहिली ओळ टाईप केली की लगेच कंट्रोल एस मारून नाव देऊन टाका. लाईट गेलीच तर परत वर्ड उघडल्यावर डावीकडे 'डॉक्युमेंट रिकव्हरी' अशी पट्टी बहुतेक येते, तिला घाईघाईत बंद करू नका, तुमचं काम तिच्यात असतं, वर्ड आपलं आपण दर दहा मिनिटांनी एक प्रत ठेवत असतं. पण दहा मिनिटांत दोन पानं होतात, म्हणून आपला हात कंट्रोल एसवर. नव्या वर्डमध्ये वर 'ऑटोसेव्ह' नावाचा खटका दिसतो तो फाईल वनड्राईव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या जागेत, ठेवली असेल तरच चालतो, लॅपटॉपमध्येच ठेवलेल्या फाईलला त्याचा उपयोग नाही.

फाईलच्या नावापुढे कधी कधी काही शब्द जोडलेले असतात, ते वाचा. 'कंपॅटिबिलिटी मोड' म्हणजे फाईल जुन्या पद्धतीची आहे, तुमच्यापेक्षा जुन्या वर्डमधली, काम चालतं, काही नव्या सोयी चालत नाहीत. 'रीड ओन्ली' म्हणजे वाचा, पण याच नावाने सेव्ह होणार नाही. 'प्रोटेक्टेड व्ह्यू' असलं तर रिबनच्या खाली पिवळी पट्टी पण येते, व्हॉट्सॲपवरून किंवा मेलवरून आलेल्या फाईलला असं होतं, टाईपच होत नाही. फाईल ओळखीच्या माणसाची असेल तरच 'एनेबल एडिटिंग' दाबा. आणि व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल तिथल्या तिथे उघडून काम करू नका, आधी एफ१२ दाबा, ते सेव्ह ॲज, आणि आपल्या ओळखीच्या फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर तास दोन तास काम करून सेव्ह केलेली फाईल कुठल्या कोपऱ्यात गेली ते शोधण्यात संध्याकाळ जाते. काही लॅपटॉपवर एफ१२ साठी एफएन पण धरावं लागतं.

टायटल बारच्या डावीकडे लहान चिन्हं, सेव्ह, अनडू, ती क्विक ॲक्सेस टूलबार. उजवीकडे तीन, खाली घालणं, मोठंछोटं करणं आणि फुली, ती सगळ्याच प्रोग्रॅमला असतात, त्यावर काय बोलायचं.

आणि आता रिबन. होम, इन्सर्ट, लेआऊट, रिव्ह्यू, व्ह्यू ही नावं म्हणजे टॅब, नावावर क्लिक केलं की खालची बटणं बदलतात, आणि बटणांचे जे कप्पे उभ्या रेघांनी पाडलेले असतात ते ग्रुप, प्रत्येकाचं नाव खाली लिहिलेलं. तुमच्या कामाला होम आणि लेआऊट पुरे, कधी इन्सर्ट. बाकीचे टॅब गरज पडेल तेव्हा. लेआऊट, जुन्यात 'पेज लेआऊट', तिथे कागदाचा साईज असतो, तो आधी बघा, लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन असली की 'लेटर' असतो, साडेआठ बाय अकरा इंच, आणि आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए४, २१० बाय २९७ मिलिमीटर. जवळपास सारखेच दिसतात म्हणून लक्षात येत नाही आणि मग प्रिंटला मजकूर वरखाली सरकतो.

टेबलात कर्सर ठेवला की रिबनला उजवीकडे दोन जादा टॅब फुटतात, त्यातला एक पण 'लेआऊट'च. तो टेबलाचा, पानाचा नव्हे. फोनवर निम्मा गोंधळ इथे होतो, भाचा एका लेआऊटबद्दल बोलतोय नि तुम्ही दुसऱ्यात शोधताय. टेबलाच्या बाहेर क्लिक केलं की ते जादा टॅब जातात. फोटो सिलेक्ट केला की असाच फोटोचा टॅब येतो.

अख्खी रिबनच गायब, नुसती टॅबची नावं उरली, तर टॅबच्या नावावर डबल क्लिक झालेलं असतं. परत डबल क्लिक, किंवा कंट्रोल एफ१.

ग्रुपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक अगदी चिमुकला बाण असतो, बहुतेकांना तो दिसतच नाही, त्याच्यावर क्लिक केलं की त्या ग्रुपची पूर्ण चौकट उघडते. मराठी टाईप करणाऱ्यांना दोन बाण हवेतच. फॉन्ट ग्रुपचा बाण उघडला की इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा फॉन्ट असे दोन वेगळे रकाने दिसतात, देवनागरी दुसऱ्यात येते, साईजही दोन्हींचा वेगळा. म्हणून एकाच ओळीत मराठी नाव मोठं आणि त्याच्या शेजारचं इंग्रजी बारीक असं होतं. परिच्छेद ग्रुपचा बाण उघडला की 'लाईन स्पेसिंग' असतं, तिथे कोणी 'एक्झॅक्टली' करून ठेवलं असेल आणि आकडा लहान असेल तर रफार, मात्रा, वेलांट्या वरून कापल्या जातात. ते 'सिंगल' करा, अक्षरं पूर्ण दिसतील.

होममधला फॉन्टच्या नावाचा रकाना हा रिबनमधला असून सांगणारा आहे, त्याच्याकडे सारखं लक्ष असू द्या. सिलेक्ट केल्यावर तो रिकामा दिसला तर मजकुरात एकापेक्षा जास्त फॉन्ट आहेत. आणि गटाच्या आधीच्या सचिवांनी दिलेली जुनी फाईल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर त्या रकान्यात बहुतेक शिवाजी, श्रीलिपी असलं काहीतरी नाव असेल, जे तुमच्या लॅपटॉपवर नाही. तिथे मंगल किंवा कोकिला निवडून काही होत नाही, कारण आत साठवलेली अक्षरं मुळात देवनागरी नाहीतच, तो फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देत होता. कुठल्या फॉन्टमधली आहे ते नाव लिहून घ्या आणि युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं खरोखर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, कन्व्हर्ट करून आणा, डीटीपीवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे. नवं जे काही कराल ते युनिकोडमध्येच करा. विंडोज १० पासून मराठी भाषा जोडली की मंगल, कोकिला, उत्साह हे फॉन्ट येतात, आणि निर्मला तर असतोच.

भाच्याच्या वर्डचं लायसन संपलं तर लिबरऑफिसचं रायटर फुकट मिळतं, ते टाकून घ्या. तिथे अजून वर मेनू आणि खाली बटणांच्या पट्ट्या आहेत, जुन्या वर्डसारख्या, पण रुलर आणि स्टेटस बार तेच काम करतात. फाईल सेव्ह झालेली नाही हेही तिथे स्टेटस बारवरच्या छोट्या चिन्हाने कळतं. एक फरक ध्यानात ठेवा, तिथे कीबोर्डवरचं इन्सर्ट बटण दाबलं की अक्षरं खाणं लगेच सुरू होतं, नव्या वर्डमध्ये ते बटण मुळात बंद करून ठेवलेलं असतं.

पुढच्या वेळी भाच्याला फोन लावाल तेव्हा "माझा सगळा गेला" असं म्हणून सुरू करू नका, तो बिचारा तिकडे लोकलमध्ये लटकत असतो. आधी टायटल बारवर जे लिहिलंय ते शब्दाला शब्द वाचून दाखवा, मग स्टेटस बार डावीकडून उजवीकडे, मग कुठला टॅब उघडा आहे आणि कर्सर कशात आहे, साध्या मजकुरात की टेबलात. आणि रेटलिस्टच्या त्या उजव्या टॅबला अडलात तर फाईल मलाच पाठवा, ठिपके दाखवणारं चिन्ह चालू ठेवून एक स्क्रीनशॉट काढा, त्यात सगळं दिसतं.